वाकळीच्या पोटातला घास

घाटमाथ्यावरच्या हिवरमाळ गावी मुक्तोबा महाराज आले ते कार्तिकाच्या सुरुवातीला, आणि भैरोबाच्या देवळाच्या ओसरीवर त्यांनी जे बूड टेकले ते पुढे होळीपर्यंत हलवले नाही. अंगावर लंगोटी आणि हातात पाणी प्यायला एक करवंटी, एवढाच त्यांचा संसार. हिवरमाळ म्हणजे थंडीचे माहेर. पौषात तिथली माणसे ऊन वर येईपर्यंत एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत, कारण तोंड उघडले की दात वाजतात. अशा गावात महाराज उघड्या अंगाने दगडावर बसत. कुणी कांबळे आणून घातले तर ‘बरं हाय, बरं हाय’ म्हणत, आणि दुपारच्या आत ते कांबळे एखाद्या गुराख्याच्या खांद्यावर दिसे. भाविकहो, संतांना काही देणे सोपे आहे, पण ते त्यांच्याजवळ टिकवणे फार अवघड.

त्याच गावात अंबादास शिंपी राहत असे. पाच गावांत मिळून शिलाईचे मशीन एकच होते आणि ते त्याच्या दुकानात होते. हात कसबी होता, यात वाद नाही. हिवाळा आला की शहरातून मऊ लव असलेल्या फलालीनचे तागे आणून तो बंड्या, कानटोप्या, तान्ह्या बाळांची झबली शिवत बसे आणि माणसे दारात ओळीने उभी राहत. पण कसबाच्या मागोमाग माजही घरात शिरला होता. हाताने शिवलेले कुणाच्या अंगावर दिसले की अंबादास दोन बोटांत धरून ते ताणून पाही आणि विचारी, ‘हे शिवलंय का नुसतं गाठवलंय?’ लोक हसत, आणि ज्याचे कापड असेल तो बिचारा खाली मान घालून निघून जाई.

या चेष्टेचे हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे गोजराबाई. साठी उलटलेली, पाठीमागे कुणी नसलेली ही बाई लोकांच्या वाकळी शिवून पोट भरे. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक अंथरून, कडेपासून मध्यापर्यंत हाताने दोरे घालत आणायचे, की जे पांघरूण तयार होते ती वाकळ. कुणी तिला गोधडी म्हणतात. गोजराबाईची नजर मंद झाली होती, पण बोटे शहाणी होती.

महाराजांना उघडे बसलेले पाहून तिचा जीव तुटे. एक दिवस तिने अंबादासच्या दुकानी जाऊन फलालीनची कातरणे मागितली. बंड्या बेतताना उरलेले तांबडे, निळे, पांढरे तुकडे कोपऱ्यात पडलेलेच होते. कशाला हवीत, असे अंबादासने विचारले. महाराजांना वाकळ शिवायची आहे, असे तिने सांगताच दुकानात खसखस पिकली. महाराजांच्या अंगावर आता माझ्या दुकानातला केर जाणार, असे म्हणत अंबादासने पायानेच तो ढीग तिच्याकडे सरकवला. तिने एकेक तुकडा झटकून पदरात घेतला.

मग चाळीस दिवस गोजराबाई देवळासमोरच्या फरसावर बसून शिवत राहिली. खाली तिने स्वतःचे लग्नातले लुगडे अंथरले, वर फलालीनचे तुकडे जोडले, तळहाताने एकेक सुरकुती बाहेर काढली आणि नामाबरोबर एकेक टाका घातला. सुईत दोरा ओवणे तिला जमत नसे. म्हणून रोज सकाळी ती सात सुया घेऊन महाराजांपुढे बसे, आणि महाराज त्या साती सुया ओवून देत. शेवटच्या दिवशी मात्र महाराजांनी सहाच सुया परत दिल्या. सातवी, दोरा ओवलेलीच, त्यांनी ओसरीच्या खांबाच्या फटीत खोचली आणि म्हणाले, ‘ही राहू दे. शिंप्याला लागंल.’ मशीन असलेल्या शिंप्याला हाताची सुई कशाला लागते? गोजराबाईला ती महाराजांची थट्टा वाटली.

आता वाकळ जवळजवळ पुरी झाली होती. राहिला होता तो चौथा कोपरा. त्या भागातली रीत अशी, की वाकळीचे तीन कोपरे बंद करायचे आणि चौथ्यातून तिच्या पोटात भाकरीचा तुकडा सारायचा, मगच शेवटचे टाके घालायचे. याला वाकळीला घास देणे म्हणतात. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असे तिथल्या बायका मानतात. आणि ज्याच्या घरचे कापड, त्याच्याच घरचा घास लागतो.

म्हणून गोजराबाई पुन्हा अंबादासच्या दारी आली. दुकान भरलेले होते. तिने आपले मागणे सांगितले.

‘कापड तुमच्या घरचं, शेठ, तर घासबी तुमच्याच घरचा लागतोय. एवढासा तुकडा द्या, म्हंजी महाराजांची वाकळ पुरी हुईल.’

‘वाकळ जेवती व्हय?’ अंबादास म्हणाला. ‘मग हिच्या आंघोळीला पाणीबी तापवू का?’

हसण्याचा गलका झाला. भाकरी पोटात घातली की आठ दिवसांत उंदरं वाकळीची चाळण करतील, असे भाकीतही त्याने सांगितले. आत चुलीपाशी त्याची बायको द्वारकाबाई भाकऱ्या करत होती. तिने तव्यावरची ताजी भाकरी उचलून दाराशी आणली, पण नवऱ्याने डोळ्यांनी दटावले तशी ती जागीच थांबली. अंबादास परसदारी गेला. कुत्र्यासाठी ठेवलेल्या टोपलीतून त्याने भाकरीची तीन दिवसांची शिळी कोर उचलली, पाटीच्या दगडासारखी कडक झालेली. ती त्याने मशीनच्या फळीवर टकटक वाजवून सगळ्यांना ऐकवली.

‘घे. घाल वाकळीच्या तोंडात. दात पडले तर मला सांगू नको.’

इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. द्वारकाबाईच्या तव्याला आडवा तडा गेलेला होता. नवा घेऊ, नवा घेऊ म्हणता म्हणता वर्षे गेली होती. त्यामुळे त्या घरच्या प्रत्येक भाकरीवर एक काळी रेघ उठे, आणि गाव चेष्टेने तिला शिंप्याचा टाका म्हणे. त्या शिळ्या कोरेवरही ती रेघ होती.

गोजराबाईने कोर दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली. ‘अन्न हाय, शेठ. शिळं झालं म्हणून काय झालं?’ एवढेच म्हणाली आणि निघून गेली.

मात्र अंबादासला चैन पडेना. गावचा कसबी शिंपी तो, आणि महाराजांच्या अंगावर चिंध्यांची वाकळ? त्याने ठेवणीतली तांबडी फलालीन काढली, त्यात उत्तम पिंजलेला कापूस भरला आणि मशीनवर अशी देखणी रजई शिवली की पाहणाऱ्याची नजर ठरू नये. हलगी लावून, चार माणसे पुढे, चार मागे घालून तो ती देवळात घेऊन गेला. महाराज ओसरीवर गोजराबाईची वाकळ पांघरून बसले होते. आश्चर्य म्हणजे आठवडा झाला तरी ती त्यांनी कुणाला दिली नव्हती.

महाराजांनी रजई हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, तिच्यावरून हात फिरवला. सगळे गाव श्वास रोखून बघत होते. अंबादासची छाती फुगली.

‘काम चोख हाय,’ महाराज म्हणाले. ‘पर हिला जेवू घातलंस का रं?’

असे विचारून महाराज उठले. कुंभाराचे एक म्हातारे गाढव भिंतीच्या आडोशाला कुडकुडत उभे होते. महाराजांनी ती तांबडीलाल रजई त्या गाढवाच्या पाठीवर घातली, पोटाखालून नीट बांधली, त्याच्या कानामागे खाजवले आणि परत येऊन वाकळीत शिरले. हलगीवाल्याचा हात हवेतच राहिला. हसावे की रडावे हे कुणालाच उमगेना, आणि अंबादासच्या तर कानशिलात बसल्यासारखे झाले. चाळीस वर्षांत त्याचा असा अपमान कुणी केला नव्हता. घरी येऊन त्याने बायकोला बजावले की त्या वेड्याच्या ओसरीची पायरी या घरातले कुणीही चढणार नाही.

महिना गेला. पौष भरात आला. अंबादासची एकुलती एक लेक मथुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवाच महिना चालू होता, म्हणून घर निर्धास्त होते. आणि एका सकाळी, बाहेर धुके अजून अंगणात बसलेले असताना, मथुराच्या पोटात कळा सुरू झाल्या. तानूबाई सुईण धावत आली. दोन घटकांत मुलगी झाली. दोन ओंजळींत मावेल एवढीशी. रडली ती मांजराच्या पिलासारखी, एकदाच, आणि मग गप्प झाली.

लेक वाचली होती. नात मात्र गार पडत चालली. तानूबाईने पाय चोळले, छातीशी धरले, पण अंगात ऊब म्हणून टिकेना. शेगडी जवळ आणावी तर धुराने त्या जिवाचा श्वास अडखळे, दूर न्यावी तर ओठ निळे पडत. अंबादासने दुकानातली फलालीन आणली. झबले घातले, टोपडे घातले, मग बंड्या, मग ताग्यातून टराटरा फाडलेले पट्टेच्या पट्टे. त्या एवढ्याशा पोरीवर त्याने अख्खे दुकान घातले. जन्मभर गावाला ऊब विकलेला तो माणूस, आणि स्वतःच्या नातीला पुरेल एवढी ऊब त्याच्या घरात नव्हती! आत हात घालून पाहावे तर फलालीनही गार, पोरही गार.

‘शेठ, कापड ऊब तयार करत न्हाई,’ तानूबाई हळूच म्हणाली. ‘असंल ती धरून ठिवतंय. हिच्यात धरायला काय उरलंच न्हाई.’

हे शिंप्याला का ठाऊक नव्हते? तरी त्याने ताग्यातून आणखी एक पट्टा फाडला. द्वारकाबाई म्हणाली, महाराजांकडे जा. अंबादास उंबऱ्यापर्यंत गेला आणि थबकला. डोळ्यांपुढे ते गाढव उभे राहिले. गेलो आणि सगळ्या गावापुढे पुन्हा हसे झाले तर? नात हातची चाललेली असताना या माणसाच्या मनात असला विचार आला, यावरून अहंकार किती खोल मुळे धरतो ते ओळखावे.

तेवढ्यात धुक्यातून कुणी चालत आले. गोजराबाई होती. अनवाणी, पदर घट्ट लपेटलेला, आणि डोक्यावर घडी केलेली वाकळ.

‘महाराजांनी धाडलंय,’ ती म्हणाली. ‘म्हणाले, शिंप्याच्या घरची ऊब शिंप्याच्या घरी पोचव.’

अंबादास चरकला. बाळंतपण होऊन अजून घटकाही झाली नव्हती. तानूबाई आल्यापासून घरातून कुणी बाहेर पडले नव्हते. महाराजांना सांगितले कुणी? पण जिभेची सवय वाईट. महाराजांच्या अंगच्या राखेने माखलेली ती वाकळ बघून तो म्हणालाच, ‘ह्या चिंध्यांत माझी नात गुंडाळू?’ आणि त्याने दारात हात आडवा धरला. पंचवीस वर्षांच्या संसारात जे घडले नव्हते ते तेव्हा घडले. द्वारकाबाईने नवऱ्याचा हात बाजूला ढकलला, वाकळ घेतली, पोरीच्या अंगावरची सगळी फलालीन काढून फेकली आणि तिला वाकळीत गुंडाळले.

तानूबाई बोटांवर पोरीचे श्वास मोजत होती. मग निळ्या ओठांच्या कडेला तांबूस छटा आली. मूठ उघडली, मिटली. कपाळावर घामाचा एक थेंब उभा राहिला. घाम! हिवरमाळच्या पौषात घाम! आणि मग पोर रडली, चांगली खणखणीत, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी. मथुरा पडल्या पडल्या हुंदके देऊ लागली.

अंबादासने वाकळीवर हात ठेवला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला. वाकळ गरम होती. उन्हात टाकल्याची कोमट ऊब नव्हे, चुलीशेजारच्या भिंतीसारखी आतून येणारी धग. कापड आपणहून तापत नाही. पोरीच्या अंगात तर ऊब नव्हतीच. मग ही आली कुठून? म्हातारीने आत तापलेली वाळू नाहीतर विटेचा तुकडा शिवला असणार, असे त्याच्या मनाने घेतले. बोटे वाकळीच्या कडेने सरकत गेली आणि चौथ्या कोपऱ्याशी थांबली. धग तिथूनच येत होती. आत काहीतरी हाताला लागत होते.

‘हीच ती वीट,’ असे पुटपुटत त्याने कात्री घेतली आणि कोपऱ्याचे टाके उसवले. पहिला टाका तुटला तशी वाफेची बारीक रेघ वर आली. खोलीत ताज्या भाकरीचा वास दरवळला. अंबादासने दोन बोटे आत घातली, चटका बसला म्हणून बाहेर काढली, पुन्हा घातली. हाताला लागली ती वाळू नव्हती, वीट नव्हती. भाकरीची एक कोर होती. मऊ, पांढरीशुभ्र, आत्ता तव्यावरून उतरल्यासारखी वाफाळती. आणि तिच्यावर आडवी काळी रेघ होती.

द्वारकाबाईने पुढे वाकून पाहिले. ती रेघ तिच्या तव्याची होती. त्या दिवशी तिने चूल पेटवलीही नव्हती.

‘हे कवा घातलंस?’ अंबादासने विचारले.

‘तुम्ही दिलं तवाच,’ गोजराबाई म्हणाली. ‘म्हयना हून गेला की.’ मग मंद नजरेला नीट दिसावे म्हणून ती कोरेवर वाकली, तशी वाफ तिच्या तोंडावर आली. एवढ्या वाकळी शिवल्या होत्या तिने, पण घास गरम राहिलेला तिनेही कधी पाहिला नव्हता.

अंबादासच्या कानात ती टकटक वाजू लागली. मशीनच्या फळीवर त्याने स्वतः वाजवलेली. कुत्र्याच्या टोपलीतून काढून थट्टेने फेकलेला तो तुकडा, आणि त्याच तुकड्याने त्याची नात राखली होती! ती कोर तळहातावर धरून तो तसाच अनवाणी पळत सुटला. हात भाजत होता, पण कोर टाकायचा त्याला धीर होईना.

देवळापाशी कुंभाराचे गाढव तांबडी रजई पांघरून शांत उभे होते. अंबादासला आज त्याचा राग आला नाही. ओसरीवर महाराज उघडे बसले होते, केसांवर दवाचे थेंब होते, आणि वाकळ नसल्याने त्यांचे अंग थंडीने शहारत होते. ते पाहून अंबादासचा उरलासुरला ताठा गळाला. तो पायरीवरच कोसळला.

‘हात भाजला का रं, लेकरा?’ महाराजांनी विचारले.

‘महाराज, मी ही कुत्र्याच्या टोपलीतनं दिली होती,’ तो रडत म्हणाला. ‘थट्टा म्हणून दिली होती.’

‘ठावं हाय. तू थट्टा म्हणून दिलीस, तिनं घास म्हणून घेतला. ज्यानं जसं घेतलं तसं ते झालं. मी काय केलं न्हाई. मी निस्ता पांघरून बसलो हुतो.’

एव्हाना अंबादासच्या मागोमाग लोक गोळा झाले होते. वाफाळती कोर बघून कुणी हात जोडले, कुणाच्या डोळ्यांना धारा लागल्या. कणभर तरी प्रसाद मिळावा म्हणून दहा हात पुढे आले. तेव्हा महाराज एकदम गरजले.

‘वाकळीच्या तोंडचा घास काढता व्हय? ती उपाशी ऱ्हायली तर पोर गारठंल. अंबादासा, जा, हुता तिथं घाल. आन् हातानं शिव.’

असे म्हणून त्यांनी खांबाच्या फटीतून सुई काढली. दोरा ओवलेली, गोजराबाईची सातवी सुई. अंबादासने ती घेतली तेव्हा त्याच्या डोळ्यांत इतके पाणी होते, की ओवलेली नसती तर त्याला जन्मात ओवता आली नसती.

तो घरी आला. नात वाकळीत गाढ झोपली होती. त्याने कोर चौथ्या कोपऱ्यातून आत सारली आणि जमिनीवर बसून टाके घालू लागला. मशीनला सरावलेल्या हाताला सुई जुमानत नव्हती. टाके वाकडेतिकडे पडत होते, कुणी दोन बोटांत धरून ताणले असते तर हसलेच असते. गोजराबाई शेजारी बसून पाहत होती. गाठ मारून झाली, दोरा तोडला, आणि अंबादासने वळून तिच्या पायांवर डोके ठेवले.

‘मावशी, तुमच्या हातचा टाका मी उसवला. माफ करा.’

ती पाय मागे घेऊ लागली, पण त्याने सोडले नाहीत, कारण कपाळाला ते पाय दगडासारखे गार लागले होते. धुक्यातून, अनवाणी, त्याच्या नातीसाठी चालत आलेले पाय. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले की पदरभर फलालीन नेलेल्या या बाईने स्वतःसाठी त्यातला एक तुकडाही ठेवला नव्हता. अंबादासने अंगातली बंडी काढली, तिच्या दोन्ही पायांभोवती नीट गुंडाळली, आणि त्यावर पुन्हा डोके टेकवले. चुलीपाशी द्वारकाबाईने जाळ केला, तडा गेलेला तवा ठेवला आणि गोजराबाईसाठी पहिली भाकरी थापायला घेतली.